प्लॉट विकायची घाई नको, आधी सरांना सांगा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं साताऱ्याचे. जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला आलो. हे गणिताचे शिक्षक होते, आता ६८ पूर्ण. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बाकी काही नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहाटे यांना दरदरून घाम फुटला, छातीत दुखायला लागलं. सूनबाईने ९११ लावला, थोड्याच वेळात अँब्युलन्स दारात. अटॅकच होता. त्याच सकाळी अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट टाकले, चौथ्या दिवशी घरी सोडलं. तेव्हा कोणी पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. आता हॉस्पिटलचं बिल आलंय, १ लाख ८४ हजार डॉलर! अँब्युलन्सचं आणि डॉक्टरांचं वेगळंच. विमा साताऱ्यातल्या एजंटाकडून घेतला होता, ५० हजार डॉलरचा. कंपनी म्हणते, बीपी आधीपासून होतं, काही मिळणार नाही.

यांना आम्ही आकडा सांगितलेला नाही. ‘विम्यातून भागलं सगळं’ असं सांगितलंय. धक्का बसून परत काही झालं तर? हे म्हणतात, २८ सप्टेंबरच्या तिकिटावर घरी जाऊ. मुलगा म्हणतो, इतक्यात नाही, मुक्काम वाढवून घेऊ. सूनबाई काही बोलत नाही, पण रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. पुण्याच्या मुलीला आम्ही दोन दिवस कळवलंच नव्हतं, ती अजून धुसफुसतेय. बागेत भेटणारे एक काका म्हणाले, ‘बिल विसरा, विमानात बसा, इंडियात कोण येतंय वसुलीला?’ मला वाटतं, गुपचूप साताऱ्याचा प्लॉट विकावा आणि पैसे मुलाच्या हातात द्यावेत. बरोबर आहे ना?
– एक आई

उत्तर : नमस्कार. सर वाचले, आणि ते तुमच्या सूनबाईने वेळ न घालवता ९११ लावला म्हणून वाचले, हे आधी सांगते. ‘ॲसिडिटी असेल, थोडं सोडा-लिंबू घेऊन बघू’ यात आपल्याकडे किती तास जातात ते तुम्हालाही माहीत आहे.

आता प्लॉट. तो कोणाच्या नावावर आहे? सरांच्या असेल तर गुपचूप विकायचा प्रश्नच मिटला. खरेदीखतावर सही त्यांची लागणार. तिकडे बसून विकायचा म्हटलं तर ते मुखत्यारपत्र करणार, त्यासाठी न्यू यॉर्कच्या भारतीय वकिलातीतून त्यांच्या सहीचं साक्षांकन करून घ्यावं लागणार, मग ते पत्र इकडे येऊन त्यावर मुद्रांक भरला जाणार. म्हणजे तुमचं गुपित वकिलातीच्या कामातच फुटणार. प्लॉट तुमच्या नावावर असला तरी माझं उत्तर बदलत नाही. ज्या बिलाचा खरा आकडा अजून ठरलेलाच नाही, त्याच्यासाठी जमीन विकायची नसते. एफडीही मोडू नका.

प्लॉटचंच नाही, तुमच्या पत्रातल्या प्रत्येक कामाचं असंच आहे. बिल सरांच्या नावाने. विम्याचा दावा त्यांचा. हॉस्पिटलमधून केसपेपर मागवायचे तर सही त्यांची, बिलात सवलतीचा अर्ज करायचा तर उत्पन्न त्यांचं, म्हणजे पेन्शनचं. मुक्काम वाढवायचा तर अर्जदार तेच. तुम्ही तिघं कुलपाशी झटापट करताय आणि किल्ली ज्यांच्या खिशात आहे त्यांनाच खोलीबाहेर बसवलंय. आपल्याकडे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलतात आणि पेशंटला ‘काही नाही, बरे व्हाल’ एवढंच सांगतात. तिथला कायदा याच्या अगदी उलटा आहे, आधी पेशंट, आणि त्याने हो म्हटलं तर नातेवाईक. तुमच्या लेकीने पुण्याहून वॉर्डात फोन केला असता तरी तिला बहुधा कोणी फारसं काही सांगितलं नसतं.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, सरांना सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

धक्का बसेल ही तुमची भीती खोटी नाही, अटॅकनंतर मन हळवं होतंच. पुढच्या तपासणीला कार्डिऑलॉजिस्टना सरळ विचारा, ‘पैशाचा मोठा विषय बोलायचा आहे, आता चालेल का?’ त्यांनी हो म्हटलं की रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, मुलगा-सून दोघं घरात असताना बोला. रात्री नको. मुलाला बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. ‘बाबा, विम्यातून भागलं हे आम्ही खोटं सांगितलं’ इथपासून सुरुवात. मग आकडा, आणि आकड्याला लागूनच हे पण सांगायचं की ही छापील किंमत आहे, शेवटी एवढं द्यावं लागेलच असं नाही, आणि आम्ही काय काय करतोय. नुसता आकडा टेबलावर ठेवून गप्प बसू नका.

आणि लपवणारे तुम्ही एकटेच आहात असं समजू नका. हॉस्पिटलमध्ये खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर नर्सचं नाव, आजचा बेत आणि खाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची ओळ होती ना? दुखणं शून्य ते दहा. नर्स विचारायची, ‘किती?’ सरांनी काय उत्तर दिलं असेल, मी इथे बसून सांगते. ‘दोन.’ आपल्या पिढीतल्या पुरुषाचं दुखणं दोनच्या वर जातच नाही. आता घरीसुद्धा जिना चढताना दम लागत असेल आणि ते सांगत नसतील. तुम्ही खरं बोललात तर तेही बोलतील, आणि ते डॉक्टरांच्या दृष्टीने बिलापेक्षा महत्त्वाचं आहे.

आता बिलाकडे. तेव्हा कोणी पैसे विचारले नाहीत ते दया म्हणून नव्हे. १९८६ पासून तिथे कायदा आहे, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासायचं आणि त्याची प्रकृती स्थिर करायची, तो कोणत्या देशाचा आहे, त्याच्याकडे पैसे आहेत का, हे बघून थांबायचं नाही. उपचार आधी, बिल नंतर. आणि जे बिल आलंय ते हॉस्पिटलच्या दरपत्रकातल्या किमतीचं आहे. मोठ्या विमा कंपन्या त्या किमतीने सहसा पैसे देत नाहीत, त्यांचे दर ठरलेले असतात आणि ते पुष्कळ खाली असतात. पूर्ण किमतीचा कागद फक्त तुमच्यासारख्या बिनविम्याच्या माणसाच्या हातात पडतो.

मुलाने हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला दोन गोष्टी लेखी मागायच्या. एक, प्रत्येक बाबीचं वेगवेगळं बिल, म्हणजे कुठल्या तारखेला कुठली तपासणी, कुठलं औषध, किती वेळा. दुसरं, आर्थिक मदतीचं धोरण आणि त्याचा अर्ज. हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचं असेल, आणि तिथली बरीचशी तशी असतात, तर २०१० च्या आरोग्य कायद्याने असं लेखी धोरण ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल आल्यापासून २४० दिवस हा अर्ज घ्यावाच लागतो. पहिले १२० दिवस वसुलीची कडक पावलं, म्हणजे कोर्टात जाणं किंवा पत खराब करणं, त्यांना उचलता येत नाहीत. तेव्हा लाल अक्षरातलं स्मरणपत्र आलं म्हणून तोंडचं पाणी पळू देऊ नका. तारीख बघा आणि मोजा. अर्जात सरांचं पेन्शन जसं आहे तसं, बँकेच्या पासबुकासह दाखवा. मुलाचा पगार त्यात धरतात की नाही हे त्या हॉस्पिटलच्या धोरणावर आहे, ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या बिलात मदत करणारी राज्याचीही चॅरिटी केअर योजना आहे, ती मुख्यतः रहिवाशांसाठी असली तरी इमर्जन्सीत आलेल्या बाहेरच्यांनाही तिथे अर्ज करता येतो. हॉस्पिटलमध्ये फायनान्शियल काउन्सेलर म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्याशीच बोलायचं, फोनवरच्या वसुलीवाल्याशी नाही. मदत नाही बसली तरी रोखीने देणाऱ्यांची सवलत आणि बिनव्याजी हप्ते, दोन्ही मागता येतात. डॉक्टर आणि अँब्युलन्स यांची बिलं वेगळ्या संस्थांची असतात, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल.

सविस्तर बिल आलं की ते कोणाला तपासायला द्यायचं? सरांना! हातात पेन्सिल द्या. एकच तपासणी दोनदा लागलीय का, घरी सोडल्यानंतरच्या तारखेचं काही आहे का, हे ज्याने आयुष्यभर पेपर तपासले तो माणूस तुमच्या सगळ्यांपेक्षा चटकन काढेल. दुपारभर खिडकीतून पार्किंगकडे बघत बसण्यापेक्षा त्यांनाही ते बरं.

मुलाला दोन गोष्टी निक्षून सांगा. हे बिल क्रेडिट कार्डावर टाकू नकोस. कार्डावर गेलं की हॉस्पिटलला पैसे मिळाले, मदतीचा आणि सवलतीचा विषय संपला, आणि व्याज सुरू. दुसरं, त्या पहाटे इमर्जन्सीत कोणीतरी चाकांवरचा कम्प्युटर ढकलत आणून सह्या घेतल्या असतील. उपचाराला संमती वेगळी आणि ‘पैशाची जबाबदारी माझी’ ही सही वेगळी. कोणत्या कागदावर कोणाची सही आहे त्याच्या प्रती मागून घे, आणि यापुढे वाचल्याशिवाय सही करू नकोस.

विम्याचं. कंपनीने ‘नाही’ म्हटलं ते फोनवर की पत्राने? पत्राने नसेल तर लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नकार ते त्यात असलं पाहिजे. अनेक पॉलिसींत आधीचे आजार वगळलेले असतात, पण जीवावर बेतलेल्या प्रसंगात जीव वाचवण्यापुरता खर्च देण्याचं कलम वेगळं असतं, कधी त्याला कमी मर्यादा असते. एजंटाने दिलेला दोन पानी कागद म्हणजे पॉलिसी नव्हे. पूर्ण पुस्तिका काढा आणि व्याख्यांचं पान वाचा. बीपी होतं हे खरं, पण हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याचं कधी निदान झालं नव्हतं, त्याचा उपचार चालू नव्हता, आणि जे झालं ते अचानक झालं. हे मांडायला दोन पत्रं लागतील, एक तिथल्या कार्डिऑलॉजिस्टचं, एक साताऱ्याच्या तुमच्या फॅमिली डॉक्टरचं. यातलं साताऱ्याचं काम पुण्याच्या लेकीकडे सोपवा. तिला नुसतं ‘रागावू नकोस गं’ म्हणून ती निवणार नाही. दोन दिवस तिला बाहेर ठेवलंत, आता आत घ्या.

एक मात्र करू नका. डॉक्टरांकडून ‘बीपी नव्हतंच’ असं लिहून आणायचा सल्ला कोणीतरी देईल. इमर्जन्सीत सूनबाईने ‘बीपीची गोळी चालू आहे’ हे सांगितलं असणार, ते तिथल्या कागदांवर आहे. खोटं पत्र दिलंत की खरा दावाही गेला.

कंपनी भारतातली असेल तर तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. पॉलिसीची मुदत संपत आली असेल तर ती वाढवा. हृदयाचं आता त्यात धरणार नाहीत, पण जिन्यावरून पाय घसरला तर? आणि तुमची स्वतःची पॉलिसी? तुमच्या गोळ्या? पत्रात तुमच्याबद्दल एक ओळही नाही.

बागेतल्या काकांना नमस्कार सांगा आणि त्यांचा सल्ला बागेतच ठेवा. बिल तसंच टाकून निघालात तर सवलतीचा आणि मदतीचा मार्ग तुम्हीच बंद केलात. पुढच्या खेपेला व्हिसाच्या वेळी ‘मागच्या उपचारांचे पैसे कोणी दिले?’ असा प्रश्न येऊ शकतो, आणि नातवंडं तिकडे असताना ‘आता जायचंच नाही’ असं कोण म्हणेल? शिवाय मुलाची सही कुठे झालीय ते कळल्याशिवाय त्याला तिथे मागे सोडून जाणं मला तरी पटत नाही.

घरी जायचं की राहायचं? इथे मी सरांच्या बाजूने आहे. मुलाचं प्रेम कळतं, पण तो सकाळी कामाला जाणार, तुम्ही दोघं बंद घरात, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, थंडी तोंडावर, आणि प्रत्येक तपासणीला पुन्हा खिशातून डॉलर. साताऱ्यात त्यांचा डॉक्टर आहे, त्यांची माणसं आहेत, संध्याकाळची फेरी आहे. फक्त हा निर्णय तिकिटावरच्या तारखेने करायचा नाही, कार्डिऑलॉजिस्टने करायचा. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर. त्याहून उंचावर तासन्‌तास बसायचं आहे, तर हृदयाचं पंपिंग किती सुधारलं हे इकोत बघूनच हो म्हणायला हवं. स्टेंट नीट बसलेत, गुंतागुंत नाही, अशा पेशंटला सात-आठ आठवड्यांनी बहुधा अडचण येत नाही. डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र घ्या, विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म लागतो का ते आधी विचारा, व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा. सर ‘मला कशाला खुर्ची’ म्हणतील. म्हणू द्या. मोठ्या विमानतळावरची चाल आणि रांग म्हणजे त्यांची महिन्याभराची फेरी एका दिवसात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या प्रवासात आणि नंतरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी विचारायचं. निघताना डिस्चार्जचे कागद, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं छोटं कार्ड हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत नाही.

डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटलं तर मुलगा म्हणतो तसं मुक्काम वाढवायचा. त्यासाठी आय-५३९ हा अर्ज आहे. पासपोर्टवरचा व्हिसा किती सालापर्यंत आहे ते बघू नका, आय-९४ वरची, म्हणजे तिथे उतरल्यावर झालेल्या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख बघा. जूनमध्ये आलात म्हणजे सहसा ती डिसेंबरातली असेल. अर्ज त्या तारखेआधीच गेला पाहिजे, निदान ४५ दिवस आधी करा असं तिथलं इमिग्रेशन खातंच सांगतं. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार त्याचा पुरावा. अर्ज न करता तारीख उलटून एक दिवसही राहू नका, तेवढ्याने व्हिसा बाद होतो.

आणि जाण्याआधी एक काम नक्की. सरांनी हॉस्पिटलला आणि विमा कंपनीला लेखी परवानगी देऊन ठेवायची की, माझ्या वतीने माझा मुलगा बोलेल, कागद त्याला द्या. हे राहून गेलं तर तुम्ही साताऱ्यात पोचल्यावर मुलाला फोनवर दर वेळी एकच वाक्य ऐकू येईल, ‘पेशंटला फोन द्या’, आणि तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र असेल.

सूनबाई बोलत नाही म्हणता. रात्रीचा आवाज भांडणाचाच आहे असं कशावरून? दिवसभर नोकरी, संध्याकाळी तुमचा बिनमिठाचा स्वयंपाक, मग बिलं आणि ईमेल कोण बघत असेल? कदाचित ते दोघं कागदच लावत बसत असतील. आणि भांडण असलं तरी इतक्या मोठ्या आकड्यावर नवरा-बायकोचं भांडण झालं तर त्यात नवल काय? मुलाला मध्ये घालू नका. ती एकटी असताना तिलाच विचारा, ‘तू हे सगळं कसं निभावतेस? मी यातलं काय घेऊ?’ आणि ती म्हणाली की कुकर लावा, तर कुकर लावा. प्लॉटचे पैसे मुलाच्या हातात देण्याचा विचारही तिला न सांगता करू नका, संसार तिचाही आहे. न्यू जर्सीत आजारी आई-वडिलांच्या देखभालीसाठी काही आठवडे अंशतः पगारी रजा मिळण्याची राज्य योजना आहे, मुलाने ती घेतली नसेल तर आठवण करा.

या उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. आपल्या गोळ्यांची ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. ‘टेल्मा’ नव्हे टेल्मिसार्टन, ‘इकोस्प्रिन’ नव्हे ॲस्पिरिन, असं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम इंग्रजीत लिहून फ्रीजवर लावा. त्याच्याच खाली घराचा पूर्ण पत्ता, कारण ९११ वर तो घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. आयुर्वेदिक काढा, भस्म घेत असाल तर तेही लिहा. हॉस्पिटलमध्ये मराठी दुभाषा मागा. फोनवर किंवा व्हिडिओवर तो बहुधा मिळतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. छातीतल्या दुखण्याचं वर्णन सुनेने किंवा नातवाने भाषांतर करावं, ही अपेक्षा ठेवू नका.

आता तुमच्याकडून मला दोन कागद हवेत, विमा कंपनीचं नकाराचं पत्र आणि पॉलिसीतलं आधीच्या आजारांचं कलम. नाव, पासपोर्ट नंबर, पॉलिसी नंबर काळ्या पेनाने खोडून फोटो पाठवा. सरांशी बोलणं झाल्यावर पाठवा, आणि शक्यतो त्यांनाच पाठवू द्या.